जुनाट आजाराच्या मांजरांना व्हिटॅमिन: कोणतं, किती आणि कुठलं अजिबात नको (नाशिक)

गोदाकाठ

पावसाळा संपत आला की किडनीच्या मांजरांबद्दल विचारणा वाढते. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "ताकदीसाठी काय देऊ?" म्हणून हा स्वतंत्र धागा. जुनाट आजार म्हणजे इथे किडनी, आतडं, स्वादुपिंड, लिव्हर आणि मधुमेह धरले आहेत.

बी गटातली व्हिटॅमिनं पाण्यात विरघळतात. जास्त झाली तर लघवीवाटे जातात आणि शरीरात त्यांचा साठा फारसा राहत नाही. ए आणि डी चरबीत विरघळतात आणि साठून राहतात. आजारी मांजराला पहिल्या गटाची तूट पडते, दुसऱ्या गटाची सहसा पडत नाही. घरोघरी मात्र उलटं चालतं. बी १२ राहून जातं आणि माशाच्या लिव्हर ऑइलची कॅप्सूल पोटात जाते.

सगळ्यात उपयोगाचं बी १२, म्हणून त्यावर जास्त लिहिते. बी १२ आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि त्यासाठी 'इंट्रिन्सिक फॅक्टर' नावाचं प्रथिन लागतं. माणसात ते जठरात तयार होतं, मांजरात फक्त स्वादुपिंडात. त्यामुळे आतड्याची जुनी सूज, आतड्याचा लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) किंवा स्वादुपिंडाचा आजार असला, की मांजर पोटभर खाऊनही बी १२ ला मुकतं. निरोगी मांजरात बी १२ चं अर्ध-आयुष्य सुमारे १३ दिवसांचं असतं, आतड्याच्या आजारात ते ५ दिवसांच्या आसपास येतं, म्हणजे साठा झपाट्याने आटतो. वजन उतरतं, भूक मंदावते, जुलाब थांबत नाहीत. बी १२ भरून काढल्याशिवाय स्टेरॉइड किंवा बदललेल्या आहाराचा गुण पूर्ण येत नाही, असं बऱ्याचदा दिसतं.

रूढ पद्धत अशी: एका मांजराला २५० मायक्रोग्रॅम, कातडीखाली, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. मग एका महिन्याने आणखी एक डोस आणि त्यानंतर महिन्याने रक्त तपासणी. टोचणं जमतच नसेल तर तोंडावाटे रोज २५० मायक्रोग्रॅमही चालतं. मोठ्या डोसातला थोडा भाग इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायही शोषला जातो.

तपासणीचा नमुना पहिलं इंजेक्शन देण्याआधी घ्या. आधी बी-कॉम्प्लेक्स टोचून मग रक्त पाठवलं तर आकडा फुगून येतो आणि "बी १२ भरपूर आहे" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दुसरी चूक रिपोर्ट वाचताना होते. माणसांच्या लॅबमध्ये तपासलं तर खाली छापलेली मर्यादा माणसांची असते, २०० च्या आसपासपासून पुढे. मांजरासाठी खालची मर्यादा लिटरला सुमारे २९० नॅनोग्रॅम धरतात आणि आतड्याची लक्षणं असतील तर ४०० च्या खालीही डोस सुरू करतात. (मिलिलिटरला पिकोग्रॅम आणि लिटरला नॅनोग्रॅम हा एकच आकडा, गोंधळू नका.) २४० आला आणि कागदावर 'नॉर्मल' छापलं असेल, तर मांजरासाठी तो कमीच आहे.

डोस न देताही आकडा खूप वर आला तर तेही डॉक्टरांना दाखवा. लिव्हरचे काही आजार आणि गाठी यांत तसं होतं.

गोळे_कॉलनी_काउंटर

चांगला धागा. औषधाच्या बाजूने भर घालतो.

दुकानात जाऊन "मिथाइलकोबालमिन द्या" (बी १२ चंच एक रूप) एवढंच म्हणालात, तर दहातल्या बऱ्याच वेळा मिश्र गोळी हातात पडते. मधुमेही माणसांच्या नसांसाठी निघालेल्या या गोळ्या-कॅप्सूलमध्ये मिथाइलकोबालमिनच्या जोडीला अल्फा लिपोइक ॲसिड असतं, बहुतेकदा १०० मि.ग्रॅ. हे मांजराच्या लिव्हरला विष आहे. माणूस किंवा कुत्रा यांच्यापेक्षा मांजर त्याला कितीतरी पटीने नाजूक असतं. किलोला ३० मि.ग्रॅ. एवढ्याने लिव्हरच्या पेशींना इजा झाल्याची नोंद आहे. ३.५ किलोच्या मांजराला एक कॅप्सूल म्हणजे किलोला जवळपास २९ मि.ग्रॅ. झाले. एका कॅप्सूलमध्ये काय होणार, असं म्हणायला इथे जागाच नाही.

तेव्हा पट्टीच्या मागचं सगळं वाचायचं. नुसतं मिथाइलकोबालमिन किंवा सायनोकोबालमिन (बी १२ चंच दुसरं रूप), बाकी काही नको. प्रीगॅबालिन, लोह, फॉलिक ॲसिड ५ मि.ग्रॅ., डी ३ यांपैकी काहीही जोडीला दिसलं तर परत द्या. ५०० मायक्रोग्रॅमची साधी गोळी मिळाली तर अर्धी रोज. १५०० ची असेल तर पाव गोळी म्हणजे ३७५ होतात. बी १२ च्या बाबतीत एवढा फरक चालतो.

इंजेक्शनचा हिशोब: ॲम्प्यूलवर "१५००" एवढंच मोठ्या अक्षरात असतं. ते १ मि.ली. मध्ये आहे की २ मि.ली. मध्ये, हे बारीक अक्षरात शोधा.
५०० प्रति मि.ली. असेल तर ०.५ मि.ली.
१००० प्रति मि.ली. असेल तर ०.२५ मि.ली.
१५०० प्रति मि.ली. असेल तर ०.१७ मि.ली.
२ मि.ली. मध्ये १५०० असेल तर ०.३३ मि.ली.

सिरिंज १ मि.ली. ची साधी, २६ गेज, अर्ध्या इंचाची सुई. इन्सुलिनची सिरिंज वापरणार असाल तर तिच्यावर यू-४० लिहिलंय की यू-१०० ते बघा. आपल्याकडे दोन्ही विकल्या जातात. यू-४० वर ०.५ मि.ली. म्हणजे २० युनिट, यू-१०० वर तेच ५० युनिट. बी १२ मध्ये ही चूक पचून जाईल. घरात मधुमेही मांजर असेल आणि तीच सवय इन्सुलिनला लागली तर जीव जाईल.

कॅम्पातली_मांजरं

वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन. टोचण्याबद्दल थोडं.

मानेमागची कातडी तंबूसारखी उचलून टोचायचं हे सगळे शिकवतात. सहा-सात आठवडे चालणार असेल तर जागा बदलत राहा: एका आठवड्यात डावी कूस, पुढच्या आठवड्यात उजवी. कुठे टोचलं ते तारखेबरोबर लिहून ठेवा. मांजरांमध्ये इंजेक्शनच्या जागी क्वचित सार्कोमा (कर्करोगाची गाठ) होतो, त्यासाठी ही नोंद. गाठ तीन महिन्यांनंतरही टिकली, २ से.मी. हून मोठी झाली किंवा एका महिन्यानंतरही वाढतच राहिली, तर गाठीचा नमुना काढून (बायोप्सी) तपासायला सांगा. यांतलं एकही पुरेसं आहे.

बी १२ एकटं असेल तर फारसं झोंबत नाही. बी १, बी ६, बी १२ एकत्र असलेलं लाल इंजेक्शन मात्र चांगलंच झोंबतं, आणि तिसऱ्या आठवड्यापासून मांजर सिरिंज दिसली की पलंगाखाली जातं. फ्रिजमधून काढल्या काढल्या टोचू नका, मुठीत दोन मिनिटं धरा. ॲम्प्यूल एकदा फोडली की उरलेलं टाकून द्यायचं. त्यात जंतू रोखणारं काही नसतं. उरलेलं भरून चार सिरिंजा फ्रिजमध्ये ठेवण्याची पद्धत चुकीची आहे.

आणि एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा औषधं स्कूटरच्या डिकीत ठेवून चार कामं करत फिरू नका. बी गट उजेडाने आणि उष्णतेने खराब होतो. ॲम्प्यूल खोक्यातच ठेवा, फ्रिजच्या दारात, फ्रीझरमध्ये नाही.

सिडको_स्टेज३

किडनी, तिसरी स्टेज, क्रिएटिनिन (किडनीचा रक्तातला आकडा) ३.४, वजन ३.८ किलो. घरी एक दिवसाआड १०० मि.ली. आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) कातडीखाली देतो. त्याच बाटलीत बी-कॉम्प्लेक्स घालायला सांगितलं आहे. घालावं का? आणि कॅल्शियमचं सिरप चालू आहे ते ठेवायचं का?

गोदाकाठ

दुसऱ्याचं उत्तर आधी, दादा. बाटलीच्या मागे बघा. जनावरांच्या बहुतेक कॅल्शियम सिरपमध्ये कॅल्शियम, फॉस्फरस, डी ३ आणि बी १२ असतं. किडनीच्या मांजरात आपण फॉस्फरस खाली आणायला धडपडतो. तिसऱ्या स्टेजला तो रक्तात डेसिलिटरला ५.० मि.ग्रॅ. च्या खाली ठेवायचा असतो आणि दुसरीकडे हेच सिरप तो वाढवतं. डी ३ मुळे आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही जास्त शोषले जातात, आणि ते किडनीतच साचत जातात. सिरप आज बंद करा आणि डॉक्टरांना फोनवर कळवा. फॉस्फरस आणि आयनाइज्ड कॅल्शियम (रक्तातलं मोकळं कॅल्शियम) पुढच्या तपासणीत घालायला सांगा.

आता बी-कॉम्प्लेक्स. किडनीचं मांजर भरपूर पाणी पितं आणि पातळ लघवी भरपूर करतं, त्यातून बी गट वाहून जातो. खाणं कमी असल्याने भरपाईही होत नाही. त्यामुळे देण्यात तथ्य आहे आणि धोका कमी आहे. एका लिटरला १ ते २ मि.ली. असं सलाइनमध्ये घालतात, म्हणजे ५०० च्या बाटलीला अर्धा ते १ मि.ली. पण तुमच्या हिशोबात एक बाटली दहा दिवस पुरते. इतके दिवस टोचलेली, उजेडात टांगलेली, त्यात व्हिटॅमिन मिसळलेली बाटली मला पसंत नाही. उजेडाने बी २ आधी खराब होतं, आणि पुन्हा पुन्हा सुई टोचून जंतू शिरतात. त्यापेक्षा बाटलीत काही न घालता आठवड्याचं बी-कॉम्प्लेक्स वेगळं टोचून घ्या. जमत नसेल तर तोंडावाटे द्या. डॉक्टरांनी बाटलीतच घालायला सांगितलं असेल तर त्यांना हा दहा दिवसांचा हिशोब सांगा. बाटली गढूळ झाली, तळाशी काही दिसलं, तर टाकायची.

कॅम्पातली_मांजरं

तोंडावाटे म्हणाल्यात ताई, पण एक जोडते: किडनीच्या खाण्यात बी-कॉम्प्लेक्स मिसळू नका. त्याला उग्र वास असतो आणि किडनीच्या मांजराला मळमळ आधीच असते. दोन दिवस वास आला की ते त्या खाण्याकडेच पाठ फिरवतं, आणि मग मोठ्या मुश्किलीने लावलेला किडनीचा आहार हातचा जातो. औषध वेगळ्या वेळी, वेगळ्या चमच्यात, उकडलेल्या चिकनच्या लहानशा गोळ्यात द्या. चिकन नुसत्या पाण्यात उकडलेलं हवं. घरच्या रस्स्यातला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. दुकानातल्या यीस्टच्या गोळ्यांतही लसूण असू शकतो, आणि यीस्टमध्ये फॉस्फरसही भरपूर, म्हणून किडनीला त्या नकोच.

कोरडी गोळी दिली तर मागून ५ मि.ली. पाणी सिरिंजने गालाच्या बाजूने हळूहळू सोडा. गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होऊन नळी आवळते.

पांडवलेणी_पायथा

मान टाकण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, ते लिहितो. किडनीचं मांजर हनुवटी छातीला टेकवून बसायला लागलं, डोकं वर उचलेना, तर दोन कारणं आधी तपासायची: पोटॅशियम कमी किंवा बी १ म्हणजे थायामिन कमी. दिसायला दोन्ही सारखीच. पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं की स्नायू ढिले पडतात. थायामिन कमी असेल तर जोडीला डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, चाल झोकांड्यांची आणि पुढे झटके. थायामिन लगेच द्यायला हरकत नसते, डॉक्टर साधारण २५ ते ५० मि.ग्रॅ. टोचतात आणि तेच कारण असेल तर एक-दोन दिवसांत फरक दिसतो. पोटॅशियम मात्र रक्त तपासल्याशिवाय देऊ नका. किडनी साथ देत नसताना ते जास्त झालं तर हृदय थांबतं.

थायामिन कमी का पडतं, तर कच्च्या माशाने. रोहू, कटला या कार्प गटातल्या माशांत थायामिनेज असतं, ते व्हिटॅमिन मोडून टाकतं. मासेवाल्याकडचे कच्चे तुकडे रोज घालणाऱ्यांनी ते शिजवून घालावेत. शिजवल्यावर थायामिनेज मरतं.

सिडको_स्टेज३

सिरप बंद केलं. डी बद्दल विचारतो: घरात ६०,००० ची पुडी आठवड्याला एक घेतली जाते. त्यातली चिमूटभर चालेल का?

गोळे_कॉलनी_काउंटर

नाही. चिमूटही नको, आणि पुडीचा रिकामा कागदही उघड्यावर टाकू नका.

आकडेमोड करून सांगतो. मांजराच्या तयार खाण्यात डी ची किमान पातळी कोरड्या वजनाच्या किलोला २८० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) धरतात. ४ किलोचं मांजर दिवसाला साधारण ६० ग्रॅम कोरडं खातं, म्हणजे गरज सुमारे १७ आययू. ६०,००० ची एक पुडी म्हणजे सुमारे साडेनऊ वर्षांची गरज एका घासात. मांजर उन्हात बसून कातडीत डी तयार करू शकत नाही हे खरं, त्याला ते खाण्यातूनच लागतं. पण चांगल्या तयार खाण्यात ते असतंच. जादा झालं की कॅल्शियम चढतं, उलट्या, तहान, खाणं बंद, आणि आधीच दुखरी किडनी कायमची जाते.

सोरायसिसच्या मलमांत कॅल्सिपोट्रिओल असतं, तेही डी चंच रूप. मलम लावलेला हात मांजराने चाटला तरी तोच धोका.

पांडवलेणी_पायथा

किडनीच्या मांजरांना कॅल्सिट्रिओल देतात ना? ते डी चंच सक्रिय रूप आहे. मग सरसकट 'डी नको' म्हणणं बरोबर नाही.

गोदाकाठ

काही डॉक्टर देतात, पॅराथायरॉइडसाठी (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी मानेतली ग्रंथी). पण मांजरांमध्ये त्याने आयुष्य वाढतं याचा पुरावा कच्चा आहे. आणि डोस किलोला २ ते ३ नॅनोग्रॅम, म्हणजे ४ किलोच्या मांजराला १० च्या आसपास. बाजारातली माणसांची सगळ्यात लहान कॅप्सूल ०.२५ मायक्रोग्रॅम म्हणजे २५० नॅनोग्रॅमची, पंचवीसपट. ती घरी भोक पाडून, थेंब मोजून द्यायची गोष्ट नाही. फॉस्फरस आधी ताब्यात हवा, आयनाइज्ड कॅल्शियम वारंवार तपासायला हवं. हे जमवणारे डॉक्टर असतील तर त्यांच्या हाताखालीच. धाग्यावरून कुणीही सुरू करू नये, या मतावर मी ठाम आहे.

ए बद्दलही लिहून टाकते, कारण मटणवाल्याकडची कलेजी रोज घालणारी घरं खूप आहेत. मांजर गाजरातल्या कॅरोटिनपासून ए बनवू शकत नाही, त्याला ते मांसातूनच लागतं. म्हणून कलेजी चांगली, पण किती? दिवसाची किमान गरज सुमारे २०० आययू. कोंबडीच्या कच्च्या कलेजीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ११,००० आययू असतात, म्हणजे २ ग्रॅम कलेजीत दिवस भागला. मेंढीच्या कलेजीत याच्या दुपटीहून जास्त. रोज कलेजीवरच पोट भरणाऱ्या मांजराच्या मानेचे मणके काही महिन्यांत, वर्षांत हाडाने जुळत जातात, मान वळेनाशी होते, अंग चाटणं थांबतं. जुळलेलं हाड परत सुटत नाही. म्हातारपणाचा संधिवात समजून त्याच मांजराला वर माशाचं लिव्हर ऑइल दिलं जातं, हे सगळ्यात वाईट.

कॅम्पातली_मांजरं

लिव्हरचा मुद्दा राहिला. जाड मांजराने दोन-तीन दिवस खाणं सोडलं की यकृतात चरबी भरते, कावीळ होते. पित्त आतड्यात नीट उतरलं नाही की के व्हिटॅमिन शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. म्हणून खाण्याची नळी बसवण्याआधी किंवा सुईने नमुना घेण्याआधी के १ देतात: किलोला ०.५ ते १.५ मि.ग्रॅ., कातडीखाली, दर १२ तासांनी, तीन डोस. १० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. ची ॲम्प्यूल असेल तर ४ किलोच्या मांजराला ०.२ ते ०.६ मि.ली. शिरेतून नको, त्याने जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते. ॲम्प्यूलवर 'के १' किंवा फायटोमेनाडिओन आहे ना, हे डॉक्टरांना दाखवून घ्या. के ३ म्हणजे मेनाडिओन, ते मांजराला नको, तांबड्या पेशी फोडतं.

पण या आजारात खरं औषध म्हणजे अन्न. ते नळीतून रोज पुरेसं गेलं नाही तर व्हिटॅमिनने काही होत नाही.

द्वारका_चौक

मधुमेहाच्या मांजराचा मागचा पाय टाचेवर टेकतो. मिथाइलकोबालमिनने सुधारतो म्हणतात, खरं का? आणि शिंकणाऱ्या मांजरांना लायसिन (एक अमिनो ॲसिड) देऊ का?

गोदाकाठ

पाय साखर आटोक्यात आली की सुधारतो, त्याला आठवडे ते महिने लागतात. मिथाइलकोबालमिन जोडीला दिलं तर नुकसान नाही, पण त्याच्या भरवशावर इन्सुलिनकडे दुर्लक्ष नको. वर लिहिलेली अल्फा लिपोइकवाली कॅप्सूल नेमकी याच मांजरांना दिली जाते, कारण घरातल्या मधुमेही माणसाची पट्टी समोरच असते. पट्टी तपासा.

लायसिन नको. २०१५ मध्ये सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, हर्पिसवर (शिंका आणणारा विषाणू) उपयोग दिसला नाही, उलट काही मांजरांत त्रास वाढलेला दिसला. ते पैसे तपासणीला लावा.

त्यापेक्षा घरच्या खाण्यावर असलेल्या मांजराला टॉरिन बघा. ते व्हिटॅमिन नाही, मांजराला खाण्यातून लागणारं अमिनो ॲसिड आहे, पण दूध-पोळी, दूध-भात यांत ते जवळपास नसतं, आणि कमी पडलं की हृदय फुगतं, डोळ्यांचा पडदा जातो. हृदयाशी त्याचा संबंध १९८७ मध्ये सिद्ध झाला. तूट असेल तर २५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा देतात. चिकन उकडलं की टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकू नका, खाण्यावरच ओता.

द्वारका_चौक

धन्यवाद. पट्टी बघितली, १०० मि.ग्रॅ. अल्फा लिपोइक आहे. अजून दिली नव्हती. आतड्यासाठी बी १२ चालू आहे, तीन इंजेक्शनं झाली, आता चांगलं खातंय. थांबवू का?

कॅम्पातली_मांजरं

थांबवू नका. भूक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच परतते, तोवर साठा भरलेला नसतो. इथे सोडलं तर महिन्याभरात आकडा परत खाली. पहिलं इंजेक्शन १ तारखेला झालं असं धरून कॅलेंडरवर खुणा करा: ८, १५, २२, २९ आणि पुढच्या महिन्यातली ५ किंवा ६. तिथून तीस दिवसांनी सातवं. त्यानंतर आणखी तीस दिवस काहीही न टोचता, बी-कॉम्प्लेक्स सिरपही बंद ठेवून, रात्रभर उपाशी ठेवून रक्त द्यायचं. मधुमेही आहे, तेव्हा उपाशी ठेवण्याआधी त्या सकाळचं इन्सुलिन किती द्यायचं ते डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. आकडा मांजराच्या वरच्या मर्यादेच्याही पुढे गेला तर बंद, खालच्या आणि वरच्या मर्यादेच्या मधे आला तर महिन्याला एक, अजूनही कमी असेल तर पुन्हा आठवड्याला एक.